ठोका ऐकू येण्याआधी

स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून खालच्या बाजूने जड, धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका येऊ लागला की मालकाच्या मनात एकच शंका येते : बेअरिंग गेले की काय? शंका रास्त असते, वेळ मात्र टळून गेलेली असते. ठोका ही बेअरिंगच्या झिजेची अखेरच्या टप्प्यातली खूण आहे. तो कानावर पडतो तोवर बेअरिंगवरचा मऊ थर संपलेला असतो, क्रँकशाफ्टच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडे उठलेले असतात आणि नुसते बेअरिंग बदलून भागले असते तिथे आख्खे इंजिन उतरवण्याची पाळी येते. झीज सुरुवातीला पकडायची असेल तर कानावर विसंबून चालत नाही. ऑइल, ऑइलचा फिल्टर आणि ऑइलचा दाब यांची ठरावीक अंतराने तपासणी करावी लागते. शिवाय ज्या इंजिनांत बेअरिंग लवकर झिजण्याचा दोष कुप्रसिद्ध आहे, तिथे बेअरिंग हा इंजिनाच्या आयुष्यभर टिकणारा भाग नसून मुदत संपली की बदलायचा भाग आहे, हे मान्य करावे लागते. असे का, हे समजून घ्यायला बेअरिंग काम कसे करते तिथूनच सुरुवात करायला हवी.

कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक पिस्टनला आणि खालचे मोठे टोक क्रँकशाफ्टच्या पिनेला जोडलेले असते. त्या मोठ्या टोकात दोन अर्धवर्तुळाकार शेल बसवलेले असतात. त्यांत गोळ्या नसतात की रोलर नसतात. असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. हा थर एवढा भार कसा पेलतो, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये झाला. १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर हे अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या वरच्या भागात ऑइल सोडण्यासाठी पाडलेल्या भोकातून चालू अवस्थेत ऑइल उलट वर येऊ लागले. त्यांनी तिथे बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. फिरणारा दांडा ऑइलला चिंचोळ्या जागेत ओढून घेतो आणि तिथे प्रचंड दाब तयार होतो, हे त्यातून दिसले. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. पावसात भरधाव गाडीचा टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्त्याला टेकतच नाही. क्रँकची पिनही तशीच ऑइलवर तरंगत फिरते. फरक इतकाच की टायरचे तरंगणे घातक आणि पिनेचे तरंगणे इंजिनाच्या जिवाचे.

या तरंगण्याला जागा किती, ते पाहिले की बेअरिंगचा नाजूकपणा कळतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या पिनेला ढोबळमानाने ०.०५ मिलिमीटर, म्हणजे ५० मायक्रॉन एवढी मोकळीक ठेवतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. भार सर्वाधिक असतो त्या क्षणी ऑइलचा थर आणखी दबतो आणि सगळ्यात अरुंद जागी जेमतेम एखाद्या मायक्रॉनवर येतो. शेलची रचनाही या तोलाला साजेशी असते : पाठीला पोलाद, त्यावर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आणि पुष्कळ शेलमध्ये सगळ्यात वर १० ते २० मायक्रॉनचा मऊ थर. हा मऊ थर बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतो आणि क्षणभर धातूला धातू टेकलाच तर क्रँकऐवजी स्वतः झिजतो. थोडक्यात, शेलची रचनाच आधी आपण झिजून क्रँकला वाचवण्यासाठी केलेली आहे. म्हणून सुरुवातीची झीज मायक्रॉनमध्ये चालते, आणि मायक्रॉनमध्ये चालणाऱ्या गोष्टीचा आवाज होत नाही.

ऑइलचा थर किती जाड राहणार हे तीन गोष्टींवर ठरते : फिरण्याचा वेग, ऑइलचा दाटपणा आणि भार. वेग व दाटपणा वाढला तर थर जाड होतो, भार वाढला तर पातळ. स्पोर्ट्स कारमध्ये या तिन्हींची ओढाताण होते. ऑइल तापून पातळ होते. पिस्टनच्या धावपळीचा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट झाले की हा भार चौपट. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मधले एस५४ हे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याचा स्ट्रोक ९१ मिलिमीटर आणि आरपीएमची मर्यादा ८,०००. त्या वेगाला क्रँक सेकंदाला १३३ फेऱ्या मारते, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या पुढे जातो आणि वरच्या टोकाला दिशा बदलताना पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार हजारपट त्वरण सोसावे लागते. तो सगळा हिसका रॉडच्या मोठ्या टोकातल्या ऑइलच्या थरावर येतो. उलट बाजूही आहे. कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ज्वलनाचा भार मोठा आणि वेग अपुरा, म्हणून थर पातळच होतो. तेव्हा बेअरिंग फक्त गाडी पळवणाऱ्यांचेच जाते, हा समज अर्धवट आहे.

एस५४ चा इतिहास या विषयात धडा म्हणून वाचण्यासारखा आहे. २००० साली आलेल्या या इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत रॉड बेअरिंग निकामी होण्याच्या घटना घडल्या. कंपनीने २००१ ते २००३ च्या गाड्या बोलावून बेअरिंग बदलून दिले आणि अमेरिकेत त्या इंजिनांची हमी ६ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. पुढे ई९० मालिकेतल्या एम३ साठी ४ लिटरचे एस६५ हे व्ही-८ इंजिन आले, ८,४०० आरपीएमपर्यंत जाणारे. त्यातही रॉड बेअरिंगच्या झिजेचा प्रश्न मालकांना आणि वर्कशॉपना पुन्हा भेटला. आवाज नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, गाडी झकास पळते आहे, अशा अवस्थेत केवळ खबरदारी म्हणून उघडलेल्या कित्येक एस६५ इंजिनांत वरच्या शेलचा करडा थर जाऊन खालचा तांब्याचा रंग उघडा पडलेला दिसला आहे. या लेखातल्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच : झीज झालेली असते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग पत्ता लागतो कुठे? पहिली जागा म्हणजे ऑइलचा फिल्टर. बेअरिंगवरून निघालेला धातू ऑइलबरोबर सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात येतो आणि पंपाने पुन्हा वर चढवला की फिल्टरच्या कागदात अडकतो. या दोन्ही इंजिनांत फिल्टर कागदी काडतुसाच्या स्वरूपाचा आहे, त्यामुळे डबा कापण्याचा खटाटोप नाही. ऑइल बदलताना जुने काडतूस निथळू द्यावे, कागद कडेने कापून घड्या एकेक करून उलगडाव्यात आणि चांगल्या उजेडात तिरपे धरून पाहावे. काळा चिकट थर नेहमीचाच असतो. त्यात चमकणारे चपटे पापुद्रे दिसले तर चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटले ते लोखंड किंवा पोलाद. ते चेन, गिअर किंवा सिलिंडरचे असू शकते. न चिकटणारे, चंदेरी किंवा तांबूस आणि बोटात चुरगाळले तर मऊ लागणारे पापुद्रे बेअरिंगकडे बोट दाखवतात. नव्या इंजिनाच्या किंवा नुकत्याच दुरुस्त झालेल्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरात थोडी चमक सापडणे स्वाभाविक आहे. जुन्या, स्थिरावलेल्या इंजिनाच्या फिल्टरात पूर्वी नसलेली चमक दिसली, किंवा असलेली वाढली, तर सम्प काढण्याची वेळ आली असे समजावे.

दुसरी जागा म्हणजे ऑइलची प्रयोगशाळेतली तपासणी. ही पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकन रेल्वेने डिझेल इंजिनांसाठी वापरात आणली, तिथून ती विमानदळांत गेली. जहाजे, वीजनिर्मितीचे संच आणि खाणींतली यंत्रे यांच्या देखभालीत ती आज रोजची झाली आहे. वर्णपटमापक यंत्र ऑइलच्या नमुन्यात दर दहा लाख भागांत कोणता धातू किती हे सांगते. शिसे आणि तांबे एकत्र वाढू लागले तर जुन्या पद्धतीच्या शेलचा वरचा थर जाऊन खालचा थर लागला आहे, असा त्याचा अर्थ घेता येतो. इथे बेअरिंगची जात माहीत असणे आवश्यक आहे. युरोपीय नियमांमुळे २०११ च्या सुमारास नव्या गाड्यांच्या बेअरिंगमधून शिसे हद्दपार झाले आणि अ‍ॅल्युमिनियम-कथिलाचे शेल सर्रास आले. अशा इंजिनात शिशाचा आकडा शून्य आला म्हणून निर्धास्त होणे चूक, कारण शेलमध्ये शिसे नाहीच. आणि अ‍ॅल्युमिनियम वाढले तरी ते पिस्टनचे असू शकते. ते सिलिकॉनबरोबर वाढले तर एअर फिल्टरला चुकवून आत गेलेली धूळ आधी आठवावी. आपल्याकडच्या रस्त्यांवर तर नक्कीच. तांबे कधी कधी नव्या ऑइल कूलरमधूनही उतरते. म्हणून एका अहवालावरून निकाल द्यायचा नसतो. सारख्या अंतराने, सारख्याच ऑइलचे तीन-चार नमुने तपासून त्यांची चढती रेषा आहे की सपाट, हे पाहायचे असते.

या तपासणीवर एक रास्त आक्षेप आहे : अहवाल स्वच्छ आला आणि तरीही बेअरिंग गेले, असे घडते. हे खरे आहे आणि त्याला कारणही आहे. नेहमीचे वर्णपटमापक यंत्र साधारण ५ ते १० मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजू शकत नाही. झीज सावकाश आणि बारीक असेल तर ती आकड्यांत उतरते. धातूचे पापुद्रेच सुटू लागले तर ते यंत्राच्या नजरेतून निसटतात. पण हेच पापुद्रे फिल्टरात अडकतात. म्हणजे बारीक कण प्रयोगशाळा पकडते आणि मोठे कण फिल्टर पकडतो. दोन्ही तपासण्या एकत्र केल्या तर एकीची उणीव दुसरी भरून काढते. एकट्या अहवालावर विसंबणाऱ्याची फसगत होते, त्याचा दोष पद्धतीला देता येणार नाही.

तिसरी खूण ऑइलच्या दाबाची. बरेच जण म्हणतात, दाब कमी झाला तर दिवा लागेलच की. त्या दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली दाब गेल्यावरच बोलतो. तो दिवा लागतो तेव्हा गाडी तिथल्या तिथे बंद करायची असते. सुरुवातीच्या झिजेबद्दल त्याला काही सांगता येत नाही. ई४६ एम३ मध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा आहे, दाबाचा नाही. खरा दाब पाहायचा तर मेकॅनिकल गेज जोडून, इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला पाहावा. त्या वेळी पंप हळू फिरत असतो, ऑइल पातळ असते आणि वाढलेल्या मोकळिकीतून होणारी गळती लपत नाही. जास्त आरपीएमवर पंपाची नियंत्रक झडप दाब एका पातळीवर रोखून धरते, त्यामुळे तिथे सगळे ठीकच दिसते. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी : आठांपैकी एकाच रॉडचे बेअरिंग सैल झाले तर एकूण दाबावर फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून दाब ही मधल्या टप्प्याची खूण आहे. गरम आयडलचा आकडा आज लिहून ठेवला आणि वर्षभराने तो घसरलेला दिसला, तर त्याला अर्थ आहे.

आवाजाचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा, पण करायचा नीट. रॉड बेअरिंगचा ठोका बहुधा इंजिन गरम असताना, २,००० ते ३,००० आरपीएमच्या पट्ट्यात, अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडताना किंवा हलक्या भारावर स्पष्ट होतो. त्या सिलिंडरचे प्रज्वलन क्षणभर तोडले की तो कमी होतो किंवा बदलतो. क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज अधिक खोल असतो आणि भार पडला की वाढतो. पिस्टन सिलिंडरवर आपटण्याचा आवाज थंड इंजिनात असतो आणि इंजिन तापले की विरतो. व्हॉल्व्हची टिकटिक तीक्ष्ण, वरून येणारी आणि क्रँकच्या निम्म्या गतीने चालणारी असते. एस५४ मध्ये व्हॉल्व्हची मोकळीक ठरावीक काळाने हाताने जुळवावी लागते, त्यामुळे हे इंजिन मुळातच टिकटिकणारे. शिवाय व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणाऱ्या व्हॅनॉस यंत्रणेचा खडखडाट वेगळा. अशा इंजिनात कान दोन्ही बाजूंनी फसवतो : निरोगी इंजिनावर संशय येतो आणि आजारी इंजिनाचा ठोका इतर आवाजांत बुडून जातो.

यावर काही जण सोपा उपाय सुचवतात : दाट ऑइल घाला, किंवा बाटलीतले एखादे मिश्रण टाका, आवाज बसेल. आवाज बसतो हे खरे, कारण दाट ऑइल वाढलेल्या फटीत उशीसारखे काम करते आणि गेजवरचा आकडाही वर नेते. पण गेलेला धातू परत येत नाही. फक्त खुणा झाकल्या जातात आणि तपासणी लांबते. या दोन्ही इंजिनांना कंपनीनेच १०डब्ल्यू-६० हे दाट ऑइल ठरवून दिलेले आहे. १०० अंश सेल्सिअसला ६० श्रेणीच्या ऑइलचा दाटपणा ३० श्रेणीच्या ऑइलच्या जवळपास दुप्पट असतो. असे ऑइल थंड असताना अरुंद फटीतून सावकाश वाहते. ई४६ एम३ च्या आरपीएमच्या काट्याभोवती इंजिन तापेपर्यंत पेटून राहणारे दिवे याचसाठी आहेत. ते विझेपर्यंत आरपीएम आवरते ठेवायचे.

अधिक गंभीर आक्षेप असा की झिजलेल्या शेलचे फोटो तेच लोक दाखवतात ज्यांच्या गाडीत बिघाड झाला. ज्यांची इंजिने लाखभर मैल बिनतक्रार चालली ते फोटो काढत नाहीत. म्हणजे धोका फुगवून सांगितला जातो. हा मुद्दा मान्य करायलाच हवा. बिघाड दिसणारे उदाहरण आणि बिघाडाचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही निर्णय केवळ शक्यतेवर होत नाही, नुकसानीवरही होतो. या इंजिनांत सम्प काढून खालून शेल बदलता येतात. त्यासाठी इंजिन गाडीतून उतरवावे लागत नाही. उलट बेअरिंग फिरून रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. शक्यता थोडी आणि नुकसान अवाढव्य असेल, तिथे स्वस्तातली तपासणी नियमित करणे हाच शहाणपणा. आणि फोटोंवर अविश्वास दाखवणाऱ्यालाही आपल्या गाडीचा फिल्टर उघडायला कोणी अडवलेले नाही. तो पुरावा दुसऱ्या कोणाचा नसतो.

उघडण्यातही जोखीम आहे, ही शेवटची हरकत, आणि ती खरी आहे. चालू इंजिन अर्धवट माहितीच्या हातात देणे हा नवा बिघाड ओढवून घेण्याचा मार्ग आहे. आधुनिक इंजिनांतले पुष्कळ रॉड एकसंध घडवून मग तोडलेले असतात. तुटलेल्या पृष्ठभागाचे दाते फक्त त्याच जोडीला बसतात, त्यामुळे रॉडच्या मोठ्या टोकाच्या कॅपची अदलाबदल चालत नाही. ताणून बसवायचे रॉड बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. प्लास्टिगेजने किंवा मायक्रोमीटरने मोकळीक मोजल्याशिवाय शेल बसवायचे नाहीत, आणि काम झाल्यावर ऑइलचा दाब तयार झाल्याशिवाय इंजिन पेटवायचे नाही. यांपैकी एकाही गोष्टीला वर्कशॉपमध्ये ‘चालतंय हो’ असे उत्तर मिळाले तर गाडी तिथून हलवावी. काढलेले शेल मात्र मागून घ्यावेत, सिलिंडरच्या क्रमाने. वरच्या शेलवरची झीज ज्वलनाचा भार सांगते, कॅपमधल्या शेलवरची झीज जास्त आरपीएमचा हिसका सांगते, आणि गोल रेघा कचऱ्याचा प्रवास सांगतात. पुढे गाडी कशी चालवायची, याचे उत्तर त्या तुकड्यांवर उमटलेले असते.

सगळ्याच बेअरिंगना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. पोर्शच्या सुरुवातीच्या बॉक्स्टर आणि ९९६ मालिकेच्या बहुतेक ९११ मधले, क्रँककडून कॅमशाफ्टकडे गती नेणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग गोळ्यांचे आहे. ते गेले तर टायमिंग बिघडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. तिथे दाबाचा काटा काहीच सांगत नाही. पण फिल्टरातले धातूचे कण आणि बेअरिंगच्या सीलचे प्लास्टिकचे तुकडे तिथेही आधी दिसू शकतात. बेअरिंगची जात बदलली तरी फिल्टर उघडून पाहण्याची सवय कामी येतेच. पोर्शच्याच जुन्या ९४४ मध्ये ट्रॅकवर दुसऱ्या सिलिंडरचे रॉड बेअरिंग जाण्याची ख्याती होती. लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकले की पुरवठा तुटतो. म्हणून ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने ऑइलची पातळी दर वेळी वरच्या खुणेला ठेवावी.

अमेरिकेत या बीएमडब्ल्यूंना ऑइल बदलण्याचे अंतर १५,००० मैलांपर्यंत दिलेले होते. जोराने चालवल्या जाणाऱ्या गाडीला ते फार लांब आहे. ते निम्म्यावर आणावे. प्रत्येक वेळी फिल्टर उलगडावा, नमुना तपासायला द्यावा, गरम आयडलचा दाब नोंदवावा आणि तिन्ही नोंदी एकाच वहीत ठेवाव्यात. जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्याने तर रंग आणि रिम पाहण्याआधी ही वही मागावी. वही नसेल तर बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.